परवचा कोणी बुडवला?

अंतराअंतराने केलेली आवृत्ती एका बैठकीतील पाठांतरापेक्षा अधिक टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रयोगाने दाखवले. ते शास्त्र ठरले. आपल्या घरातील रोजचा परवचा मात्र 'घोकंपट्टी' म्हणून हिणवला गेला! युनेस्कोने २००३ मध्ये गौरवलेली वेदपठणाची परंपरा याच नित्य आवृत्तीवर उभी आहे. प्रतिपदा-अष्टमीच्या अनध्यायाने तिने विश्रांतीलाही स्थान दिले.

चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. पण संध्याकाळचे काय? मीरा-भाईंदरमधील मूल शिकवणीवर्गात आणि आईवडील चर्चगेटहून परतणाऱ्या लोकलमध्ये! शिकवणीचे शुल्क भरता येते. मुलाजवळ बसण्याचा वेळ विकत मिळत नाही. दिवेलागणीचा तो अर्धा तास हिंदू घराने स्वतःच परत मिळवला पाहिजे.