धर्मांतराचा वाद आणि कॅथलिक शिकवण

पुणे - धर्मांतराचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने 'लव्ह जिहाद'च्या तक्रारी आणि सक्तीचे वा फसवणुकीचे धर्मांतर या विषयांवर कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलिस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती नेमली आणि या वादाला पुन्हा धार आली. चर्चच्या शाळा आणि दवाखाने हे धर्मांतराचे आमिष असल्याचा आरोप एका बाजूने होतो. दुसरी बाजू तो फेटाळते. कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण या प्रश्नावर नेमके काय सांगते, याकडे मात्र दोन्ही बाजूंचे क्वचितच लक्ष जाते.

ही शिकवण द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी दोन दस्तऐवजांत नोंदविली. धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्राने, कोणालाही सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागण्यास भाग पाडता येणार नाही आणि हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतूनच येतो, असे मान्य केले. धर्मप्रसाराविषयीच्या दस्तऐवजाने सक्तीने किंवा आमिष दाखवून श्रद्धा स्वीकारायला लावण्यास स्पष्ट मनाई केली. कोणाला छळाच्या भीतीने श्रद्धेपासून दूर ठेवणेही त्याच दस्तऐवजाने तितकेच गैर ठरविले. १९८३ च्या चर्च कायद्यानुसार प्रौढ व्यक्तीला स्नानसंस्कार देण्यापूर्वी तिची स्वतःची इच्छा, पुरेसे शिक्षण आणि तयारीचा काळ आवश्यक आहे. त्यामुळे घाईघाईने उरकलेला दीक्षाविधी चर्चच्याच नियमांत बसत नाही. अर्थात, ख्रिस्ती समाजात अनेक पंथ असून कॅथलिक नियम त्या सर्वांना बंधनकारक नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागेल.

इतिहासाचे ओझे

परिषदेला हे सांगण्याची गरज का भासली, याचे उत्तर इतिहासात आहे. त्याआधी जेमतेम शंभर वर्षे, १८६४ मध्ये, पोप नववे पायस यांनी धर्मस्वातंत्र्याचा आधुनिक विचार चुकीच्या मतांच्या यादीत घातला होता. मराठी मनाला तर या इतिहासाचा अनुभव जवळचा आहे. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन मधल्या काही वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती, ती चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये संपविली. आजच्या संशयामागे या आठवणी आहेत आणि केवळ एका घोषणापत्राने त्या पुसल्या जाणार नाहीत.

पुण्याचा इतिहास मात्र वेगळा आहे. पेशव्यांच्या सैन्यातील कॅथलिकांसाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये जागा दिली आणि आजच्या क्वार्टर गेट परिसरातील सिटी चर्च उभे राहिले. म्हणजे शहरातील कॅथलिक उपासनेची सुरुवात हिंदू राज्यकर्त्याच्या देणगीतून झाली. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये कँडी येथे स्थापन केलेले पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आले. त्याच्याशी निगडित ज्ञानदीप विद्यापीठात देशभरातील भावी धर्मगुरू तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्र शिकतात. फ्रेंच अभ्यासक गी दलरी यांचा विठ्ठलभक्तीवरील ग्रंथ १९६० मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. जर्मन जेझुइट मॅथ्यू लेडर्ले यांनी स्नेहसदनच्या माध्यमातून आंतरधर्मीय संवादाचे काम पेठेत राहून केले. अन्य धर्मांतील सत्य आणि पवित्र गोष्टी चर्च नाकारत नाही, हे परिषदेचे २८ ऑक्टोबर १९६५ चे वचन येथे प्रत्यक्ष व्यवहारात आले.

पेच कोठे आहे?

तरीही प्रश्न संपत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये दिल्लीत आशियातील धर्मप्रसाराचे आवाहन केले, तेव्हा देशात वादळ उठले. पुढच्याच वर्षी व्हॅटिकनने ख्रिस्त हाच सर्वांचा एकमेव तारणहार असल्याचे ठामपणे मांडले. संवाद करावा, पण संदेश सांगणे थांबवू नये, अशी ही दुहेरी भूमिका आहे. ज्याला आपलाच मार्ग पूर्ण वाटतो, त्याच्याशी बरोबरीने संवाद कसा होणार, हा टीकाकारांचा प्रश्न त्यामुळे गैरलागू म्हणता येत नाही.

भारतीय कायद्यानेही या पेचाला आपल्या पद्धतीने उत्तर दिले आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मध्य प्रदेश आणि ओरिसाचे कायदे वैध ठरविले. धर्माच्या प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कारण त्यामुळे त्या व्यक्तीच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर आक्रमण होते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. परिषदेनेही याच स्वातंत्र्याचा आधार घेतला होता. फरक निष्कर्षात आहे. स्वतःहून धर्म बदलणाऱ्याचे स्वातंत्र्य कोणी तपासायचे, हा खरा वादाचा मुद्दा आहे. उत्तर प्रदेशच्या कायद्यात अशा व्यक्तीने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळविण्याची अट आहे. फसवणूक रोखण्यासाठी ती आवश्यक असल्याचे समर्थक सांगतात. श्रद्धेचा निर्णय सरकारी कार्यालयात जाहीर करावा लागणे हाच दबाव आहे, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

'आमिष' या शब्दाची व्याप्तीही निश्चित करावी लागेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शिखांना त्या १९५६ मध्ये, तर बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या. म्हणजे अशा व्यक्तीच्या बाबतीत धर्मांतराची किंमत मोजावी लागते. त्यातच, चर्चमध्येही जातिभेद असल्याची कबुली भारतीय कॅथलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दिली. लाभासाठी धर्मांतर, हे सरसकट सूत्र येथे लागू पडत नाही.

सेवा आणि आमिष यांतील सीमारेषा कायदा करणाऱ्यांना नेमक्या शब्दांत आखावी लागेल. अन्यथा शाळेचा प्रवेश आणि दवाखान्यातील उपचारही संशयाच्या फेऱ्यात येतील. दुसरीकडे, परिषदेची मनाई तळागाळातील प्रत्येक प्रचारकापर्यंत पोचली आहे काय, याचा हिशेब चर्चला द्यावा लागेल. सक्ती नको, यावर दोघांचेही एकमत आहे. मात्र, धर्म बदलणाऱ्या व्यक्तीचे स्वतःचे म्हणणे या वादात सर्वांत कमी ऐकले जाते. कायद्याचा मसुदा असो वा धर्मगुरूंचे प्रशिक्षण, सुरुवात तेथूनच व्हायला हवी.