गाडी कुठली? आधी जागा कुठली!

परवा भाचा आला, आमच्याच गिरगावातल्या पुढच्या चाळीतला. "मामा, बीएमडब्ल्यू एक्स-वन घेऊ की बीवायडी सील?" म्हटलं, रात्री लावणार कुठे? बोळात! आणि विजेची गाडी चार्ज कशी करणार, तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडून?

तो म्हणे, विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्केच, पेट्रोलच्या महागड्या गाडीला ४०. अरे, पण बोळ दोन्ही सारखाच अडवणार ना! गेल्या वर्षी तुझ्या आजीला स्ट्रेचरवरून नाक्यापर्यंत न्यावं लागलं, उभ्या गाड्यांमुळे अ‍ॅम्ब्युलन्स आत शिरेना. विसरलास?

ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावात भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे. (हो, त्या खोदकामाला मीही शिव्या घातल्यात.)

तोंड पाडून गेला. ताई आता भांडायला येणारच.