डोंगरात नेणं हाही पेशा

मुलगी ‘ट्रेकिंगमध्येच करिअर करीन’ म्हणाली की अम्मी-अब्बांच्या कपाळावर आठ्या येतात. स्वतः शिखर चढणं हा छंद झाला. दहा जणांना वर नेऊन सुखरूप घरी आणणं हा पेशा, आणि तो रीतसर शिकावा लागतो.

उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था १९६५ पासून हे शिकवते. आधी २८ दिवसांचा बेसिक कोर्स. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तरच अॅडव्हान्स, तिथंही ‘ए’ मिळाली तर ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’, म्हणजे दुसऱ्याला शिकवायचं कसं याचा कोर्स. तेव्हा बेसिकला नुसतं निभावून नेणं पुरत नाही. मुलींच्या स्वतंत्र तुकड्याही असतात. निम्मी काळजी इथंच मिटावी!

प्राध्यापकच व्हायचं असेल तर? ब्रिटन, अमेरिका, न्यूझीलंडमध्ये ‘आउटडोअर एज्युकेशन’ हा विद्यापीठातला विषय आहे. धोका कसा जोखावा, थकलेला गट कसा सांभाळावा, यावर तिथं संशोधन चालतं. त्यासाठी पदवी लागतेच, शिवाय गाइडचं काम हंगामी. म्हणून बी.ए., बी.एस्सी. अर्धवट सोडू नये. आणि कुठं, किती दिवस, किती जणांना नेलं, याची वही आजपासूनच ठेवावी.