एक किलोमीटरची पळवाट

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत दुरुस्ती केली. ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तिच्यावर दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना पंचवीस टक्के जागा देण्याचे बंधन राहणार नाही, असा या दुरुस्तीचा आशय होता. शहरांत जिच्या आसपास अशी एकही शाळा नाही, अशी खाजगी शाळा शोधूनच काढावी लागेल. तेव्हा सवलत काही थोड्या शाळांना नव्हती. मोलकरणीच्या, हमालाच्या मुलासाठी किलकिले झालेले दार विधिमंडळात चर्चा न होता, मंत्रालयातून निघालेल्या एका अधिसूचनेने लावून घेण्यात आले. कर्नाटकाने २०१८ च्या अखेरीस हाच मार्ग धरला होता.

संसदेने २००९ साली केलेल्या कायद्याच्या बाराव्या कलमात अशी अट कोठेही नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने, अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा वगळून, हे बंधन वैध ठरविले होते. नियम कायद्याची अंमलबजावणी करण्यासाठी असतात, हे शासनाच्या विधी विभागास ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी दुरुस्तीला स्थगिती दिली, १९ जुलै रोजी ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. शाळा मात्र जूनमध्येच भरल्या होत्या. या मुलांचा पहिलीचा पहिला महिना प्रवेशयादीची वाट पाहण्यात गेला; त्याची भरपाई कोणत्याही निकालात नाही.

जवळ सरकारी शाळा असताना गरिबांना खाजगी शाळा कशाला, हा शासनाचा युक्तिवाद वरवर समाजवादीच वाटतो. पण आपल्या शाळांची ही आठवण शासनाला केव्हा झाली? २०२३ च्या सप्टेंबरात याच शासनाने सरकारी शाळा देणगीदारांना दत्तक देण्याची योजना काढली आणि वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे घाटले. जिला स्वतः सांभाळण्याची इच्छा नाही, तीच शाळा धनिकांच्या शाळांना मोकळीक देताना पुढे करावयाची! राखीव जागांच्या शुल्काची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते, ही संस्थाचालकांची तक्रारही खोटी नाही. थकबाकी शासनाची आणि शिक्षा मुलांना, असा हा न्याय.

पंचवीस टक्के जागा म्हणजे समान शाळा नव्हे, आणि सार्वजनिक पैसा खाजगी संस्थांकडे का वळवावा, असा प्रश्न चळवळीतील काही जण करतात. तो रास्त आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली परिसरशाळेची शिफारस केली, तीत श्रीमंत-गरीब एकाच बाकावर बसावयाचे होते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते की, रयतेच्या घामातून आलेला महसूल वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो. तो रयतेच्या प्राथमिक शिक्षणावर व्हावा. परंतु समान शाळा येईपर्यंत हाती असलेला हक्क सोडून देणे, ही तत्त्वनिष्ठा सुखवस्तूंनाच परवडणारी आहे.

प्रवेश-अर्जांच्या दिवसांत वस्तीवस्तीत उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला मिळवून देण्याचे काम शाखांनी अंगावर घ्यावे. त्याच फेरीत नगरपालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन किती वर्गांना शिक्षक नाही, याची नोंदही करावी.