त्सुमागोचा निर्धार

एदो, म्हणजे आजचे टोकियो, ते क्योटो या नाकासेंदो नावाच्या डोंगरी राजमार्गावर मुक्कामाची ६९ गावे होती. त्यातला मागोमे ते त्सुमागो हा सुमारे आठ किलोमीटरचा टप्पा आजही पायी चालता येतो. वाटेत अस्वलांना दूर ठेवण्यासाठी घंटा टांगल्या आहेत. येणारा-जाणारा त्या वाजवूनच पुढे सरकतो.

यातले त्सुमागो एके काळी ओस पडत चालले होते. १९७१ साली गावकऱ्यांनीच ठरवले: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही.

जाणकार वाटाड्या सोबत असला, की लाकडी जाळीच्या दर्शनी भिंतींमागचा हा निर्धार उलगडत जातो. जपानची सहल आखणाऱ्यांनी शहरांच्या धावपळीतून किमान एक रात्र इथल्या मिन्शुकूसाठी, म्हणजे घरगुती निवासासाठी, राखून ठेवावी.