विल्यम हे नाव कोणी पसरवले?

विल्यम या नावाविषयी दोन समजुती चांगल्या शिकलेल्या माणसांच्याही डोक्यात घर करून बसल्या आहेत. पहिली अशी की, या नावाचा अर्थ 'दृढनिश्चयी रक्षक', आणि असा बाणेदार अर्थ असल्यामुळेच ते शतकानुशतके आईबापांना आवडत आले. दुसरी समजूत इतिहासाचा आधार सांगते: १०६६ साली नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमने हेस्टिंग्जच्या रणात इंग्रजांचा पराभव केला, तो राजा झाला, आणि मग हरलेल्या प्रजेने जिंकणाऱ्याचे नाव उचलले. पहिली समजूत साफ चुकीची आहे. दुसरी अर्धी खरी आहे, आणि अर्धसत्य खोडून काढायला धादांत असत्यापेक्षा जास्त शाई लागते.

आधी अर्थाचा मुद्दा निकालात काढू. विल्यमचे मूळ जुन्या जर्मानिक 'विलाहेल्म' या रूपात आहे. पहिला तुकडा इच्छा किंवा संकल्प, दुसरा शिरस्त्राण. इथवर नावांची पुस्तके बरोबर आहेत. पुढे ती दोन तुकड्यांचा समास सोडवून त्यातून एक सुभाषित काढतात, तिथे त्यांचा पाय घसरतो. फ्रँक, सॅक्सन वगैरे लोक नावे जोडताना समासाच्या अर्थाकडे बघत नव्हते, नात्याकडे बघत होते. वुस्टरचा प्रसिद्ध बिशप वुल्फस्टन घ्या. बापाचे नाव अॅथेलस्टन, आईचे वुल्फगिफू; आईचा पहिला तुकडा आणि बापाचा शेवटचा घेऊन पोराचे नाव तयार झाले. शब्दशः 'लांडगा-दगड'. यातून कोणाला गुणवर्णन काढायचे असेल तर खुशाल काढावे. 'हिल्डेगुंड' या स्त्रीनामात तर दोन्ही तुकड्यांचा अर्थ लढाईच आहे. हे तुकडे घराण्याची खूण सांगत, स्वभावाचे वर्णन करीत नसत. शिवाय विल्यम हे नाव ज्यांनी इंग्लंडात नेले ते नॉर्मन फ्रेंच बोलत होते. त्यांच्या कानाला त्यातला 'संकल्प'ही ऐकू येत नव्हता आणि 'शिरस्त्राण'ही. जो अर्थ नाव ठेवणाऱ्याला कळतच नाही, तो नाव निवडण्याचे कारण कसा होईल?

आता जेत्याचा मुद्दा. त्यासाठी इंग्लंडच्या आधी नॉर्मंडीत डोकावले पाहिजे, कारण विल्यम हे मुळात नॉर्मनांचेही नाव नव्हे. नॉर्मनांचे पूर्वज उत्तरेकडून आलेले दर्यावर्दी लुटारू. त्यांचा नायक रोलो याला ९११ च्या सुमारास फ्रँक राजाने सीन नदीच्या मुखाकडचा मुलूख तोडून दिला. हे लोक तलवारीच्या जोरावर जमीन मिळवून बसले होते. जित जेत्याची नावे घेतात हा नियम खरा असता तर तिथल्या फ्रँकांनी आपल्या मुलांची नावे नॉर्स ठेवायला हवी होती. घडले ते नेमके उलटे. रोलोच्या मुलाचे नाव विल्यम, म्हणजे फ्रँकी. ९४२ साली दगाफटक्याने मारला गेलेला 'लांब तलवारीचा' विल्यम तो हाच. फ्रँकांच्या मुलखात तेव्हा या नावाला मोठी प्रतिष्ठा होती. शार्लमेनच्या नात्यातला, तुलूझचा काउंट विल्यम याने ८०४ साली गेलोनचा मठ स्थापला, शेवटी स्वतः तिथेच संन्यस्त झाला आणि संत ठरला. पुढे त्याच्या पराक्रमावर फ्रेंच वीरकाव्यांचे एक चक्रच रचले गेले. ९१० साली क्लूनीचा मठ उभारणारा अॅक्विटेनचा ड्यूकही विल्यमच, आणि त्या गादीवर ११३७ साली वारलेल्या दहाव्या विल्यमपर्यंत या नावाची रांग लागली. म्हणजे नव्याने आलेल्या दांडग्या पाहुण्यांनी यजमानांच्या उच्चकुलीन समाजात बसायला जागा मिळावी म्हणून यजमानांचे नाव घेतले. शतकाहून अधिक काळाने त्याच घराण्यातला विल्यम खाडी ओलांडून गेला.

इंग्लंडातला पुरावा आणखी बोलका आहे. विंचेस्टर शहराच्या मध्ययुगीन पाहण्यांत मालमत्ताधारकांची नावे नोंदलेली आहेत. १०६६ च्या सुमारास त्यांतली सुमारे ७० टक्के नावे देशी, म्हणजे गॉडविन, एडरिक, अल्फ्रेड या वळणाची होती. १११० च्या सुमारास ती चाळिशीच्या आत आली, ११४८ मध्ये विशीच्या आसपास, आणि १२०७ पर्यंत जेमतेम ५ टक्के उरली. या उतरणीचा काळ नीट पाहा. जेता विल्यम १०८७ साली वारला. १०६९-७० च्या हिवाळ्यात त्याने उत्तरेकडचे परगणे जाळून ओसाड केले होते, आणि इंग्रज बखरकाराने त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या लोभाची आणि कठोरपणाची गय केलेली नाही. त्याचा मुलगा दुसरा विल्यम धर्मगुरूंना इतका नकोसा की, ११०० साली तो शिकारीत बाण लागून मेला तेव्हा त्यांना त्यात ईश्वरी न्याय दिसला. त्यानंतर इंग्लंडच्या गादीवर विल्यम नावाचा राजा आला तो थेट १६८९ मध्ये. आणि विल्यम राजाविना गेलेल्या या जवळजवळ सहा शतकांत विल्यम हे इंग्लंडातले अगदी आघाडीचे पुरुषनाम होते! राजाच्या दबदब्याने नाव पसरते म्हणणाऱ्याने या सहा शतकांचा हिशेब द्यावा.

तो म्हणेल, सुरुवात राजाने करून दिली, पुढे सवय लागली. या उत्तराचीही परीक्षा घेता येते, कारण विल्यमच्या जोडीनेच नॉर्मनांची इतर नावेही आली. रॉबर्ट, राल्फ, ह्यू आणि वॉल्टर या नावांचा राजा इंग्लंडला कधीच मिळाला नाही, तरी बाराव्या शतकात तीही जोरात पसरली. त्यांत रॉबर्टची कथा तर जेत्याच्या सिद्धान्ताला फारच अडचणीची. जेत्याचा थोरला मुलगा रॉबर्ट ११०६ साली तिंशब्रेच्या लढाईत धाकट्या भावाकडून हरला आणि ११३४ साली मरेपर्यंत कैदेत राहिला. राजपुत्रांमध्ये याहून पराभूत माणूस सापडणे कठीण, पण त्याचे नाव शेतकऱ्यांच्या झोपड्यांपर्यंत पोचले. उलटा दाखला एडवर्डचा. तिसऱ्या हेन्रीने संत एडवर्डवरच्या भक्तीपोटी १२३९ साली आपल्या मुलाला ते नाव दिले, आणि १२७२ ते १३७७ अशी सलग एकशेपाच वर्षे तीन एडवर्डांनी राज्य केले. त्यांच्यातला पहिला आणि तिसरा भलतेच पराक्रमी. तरी शेवटच्या एडवर्डच्या अखेरच्या वर्षी आणि त्याच्या मृत्यूनंतर लगेचच गोळा झालेल्या डोईपट्टीच्या याद्यांत ढीगभर जॉन आणि विल्यम सापडतात, एडवर्ड मात्र शोधावे लागतात. आणि जॉन? त्या नावाचा एकमेव राजा म्हणजे नॉर्मंडी गमावणारा, सरदारांनी सनदेवर मोहोर उठवायला भाग पाडलेला, इंग्लंडच्या इतिहासात सर्वांत बदनाम झालेला राजा. जॉनला वर चढवले ते बाप्तिस्मा देणाऱ्या संताने.

राजा नाही, अर्थ नाही, मग विल्यमला कोणी पसरवले? माझे उत्तर असे: गावच्या नव्या जमीनदाराने आणि शेजारच्या पोरांच्या टिंगलीने. १०८६ च्या डूम्सडे पाहणीपर्यंत देशातली बहुतेक मोठी जमीन नॉर्मनांच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या हाती गेली होती. या नव्या वर्गाकडे नावांचे भांडवल अगदी तोकडे होते. तीच आठ-दहा नावे आलटून पालटून येत. किती तोकडे, याचा एक गमतीदार दाखला इतिहासकार रॉबेर द तोरीन्यी देतो. ११७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका नाताळात बायोजवळ युवराज हेन्रीचा दरबार भरला होता. दोन विल्यम सरदारांना लहर आली, आणि ज्याचे नाव विल्यम नाही त्याने आमच्या दालनात जेवायचे नाही, असे त्यांनी ठरवले. सगळ्यांना बाहेर काढल्यावर आत उरले ते ११० विल्यम, आणि तेही नुसते नाइट! इंग्रजांची रीत याच्या अगदी विरुद्ध होती. तुकडे जुळवून जवळजवळ प्रत्येकाला वेगळे नाव मिळे. वरच्या वर्गाच्या या मोजक्या नावांना प्रतिष्ठा आली, तशी खालच्यांची बहुविध नावे गावंढळ वाटू लागली. पहिल्या हेन्रीने इंग्रज राजवंशातली बायको केली, तेव्हा त्याच्याच सरदारांनी नवराबायकोला 'गॉड्रिक आणि गॉडगिफू' म्हणून चिडवले. त्या राणीचे एडिथ हे नाव बदलून माटिल्डा झाले होते, हेही इथे विसरू नये. आणि चिडवणे दरबारापुरते नव्हते. फार्न बेटावरचा संत बार्थोलोम्यू ११९३ साली वारला. व्हिटबीत जन्मलेल्या या मुलाचे आईबापांनी ठेवलेले नाव टोस्टी. बरोबरीची मुले हसू लागली म्हणून ते बदलून विल्यम केले, असे त्याचा चरित्रकार सांगतो. या प्रसंगात ना राजा आहे, ना तलवार, ना हुकूम. आहेत ती फक्त हसणारी पोरे. विल्यमच्या प्रसाराबद्दल एकच कागद जपून ठेवायचा झाला, तर मी हा ठेवीन.

यावर कोणी म्हणेल, ही भीतीच होती, फक्त चेहरा वेगळा. मला ते पटत नाही. भीतीने बदललेली नावे दरारा ओसरला की परत येतात. ही परत आली नाहीत, उलट नॉर्मन आणि इंग्रज हा भेद पुसट होत गेला तसतसा विल्यमांचा आकडा वाढत गेला. शिवाय बायकांची देशी नावे पुरुषांपेक्षा बराच काळ टिकली. भीती पुरुष-बाई पाहत नाही. पण गावात आलेल्या नॉर्मनांत पुरुषच जास्त असले, तर नक्कल करायला नॉर्मन पुरुषांचीच नावे जास्त मिळणार. दुसरा आक्षेप संतांचा: यॉर्कचा संत विल्यम होताच ना? होता, पण त्याला संतपद मिळाले १२२६ साली, विंचेस्टरमधून देशी नावे जवळजवळ नाहीशी झाल्यावर. हा आर्चबिशप स्वतः नॉर्मन सरदारवर्गातला होता आणि त्याचे नाव हे त्या लाटेचे फळ होते. संताने नाव वाढवले असेल, पेरले नाही.

राहिला आयर्लंडचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. १६९० साली बॉइनच्या काठी तिसऱ्या विल्यमने कॅथलिक राजा जेम्सचा पराभव केला, आणि तेव्हापासून अल्स्टरच्या प्रॉटेस्टंटांत विल्यम आणि बिली ही नावे झेंड्यासारखी मिरवली जातात. इथे राजा आणि नाव यांचा संबंध सरळ आहे. मी तो नाकारत नाही. पण त्या राजाच्या कितीतरी आधी नॉर्मन सरदार विल्यम द बर्ग याचे वंशज आयरिश भाषा आणि चालीरीती उचलून 'मॅकविल्यम' म्हणवू लागले होते, आणि त्या भाषेत या नावाचे 'उलियम' होऊन गेले होते. त्याचा शेवटचा तुकडा म्हणजे लियम, आणि त्याच्याकडे आज सगळे खास आयरिश, बहुतेक वेळा कॅथलिक नाव म्हणून पाहतात. ज्यांच्या पूर्वजांना बॉइनच्या काठी हार पत्करावी लागली, त्यांच्याही घरी तेच नाव रुळले. २०१७ पासून अमेरिकेत नवजात मुलग्यांच्या सरकारी यादीत लियम सलग काही वर्षे पहिल्या क्रमांकावर राहिला. तिथे नाव ठेवणाऱ्या आईबापांवर ना हेस्टिंग्जच्या जेत्याची सत्ता आहे, ना बॉइनच्या.