फिल्म हातात, तपासणी पुन्हा

गोव्याच्या सर्व भागांतून, तसेच सिंधुदुर्ग आणि कारवार भागातूनही गंभीर रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत आणले जातात. आधी काढलेले स्कॅन कोणत्या रूपात त्यांच्याबरोबर येते, यावर पुढील उपचारांचा वेग बराच अवलंबून असतो. फिल्म, सीडी किंवा मोबाईलवर टिपलेले छायाचित्र ही साधने आजही सर्रास वापरली जातात. निदानासाठी मात्र ती अनेकदा अपुरी ठरतात.

सीटी स्कॅनच्या मूळ प्रतिमेत करड्या रंगाच्या सुमारे ४०९६ छटा नोंदलेल्या असतात. त्यांतून हाडे, फुफ्फुसे किंवा मेंदू यांना अनुरूप पट्टा निवडून डॉक्टर तीच प्रतिमा वेगवेगळ्या प्रकारे पाहू शकतात. फिल्मवर निवडलेला पट्टाच छापला जातो आणि मोबाईलच्या छायाचित्रात त्यातलेही बरेच पुसट होते. शेकडो छेदांपैकी मोजकेच पुढे पोहोचतात. परिणामी तपासणी पुन्हा करावी लागते. त्यात पैसा जातो, शरीराला पुन्हा किरणोत्सर्ग सोसावा लागतो आणि मेंदूतील रक्तस्रावासारख्या प्रसंगी मोलाचा वेळ हातचा निघून जातो.

यावरील तांत्रिक उपाय नवा नाही. यंत्रे कोणत्याही कंपनीची असली तरी प्रतिमा एकाच पद्धतीने नोंदवल्या जाव्यात, यासाठी १९८५ मध्ये अमेरिकेत पहिले मानक आले. १९९३ मध्ये त्याला ‘डायकॉम’ हे रूप मिळाले. अशा प्रतिमा साठवून डॉक्टरांच्या पडद्यावर आणणारी प्रणाली म्हणजे ‘पॅक्स’. मोठ्या इस्पितळांत ती रुळली असली, तरी तिचा उपयोग बहुधा त्या इस्पितळाच्या आवारापुरताच राहतो. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने १४ अंकी ‘आभा’ क्रमांक आणि रुग्णाची संमती यांच्या आधारे नोंदींच्या देवाणघेवाणीचा मार्ग खुला केला. तथापि, दोन पानी अहवाल पाठवणे आणि शेकडो मेगाबाइटच्या मूळ प्रतिमा पाठवणे यांत मोठे अंतर आहे.

देवाणघेवाणीच्या घाईत सुरक्षेकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, तेही दिसून आले आहे. जर्मनीच्या ग्रीनबोन नेटवर्क्स या कंपनीने इंटरनेटवर संरक्षणाविना उघडे पडलेले पॅक्स सर्व्हर शोधले. २०२० च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार भारतीय रुग्णांच्या १२ कोटींहून अधिक प्रतिमा त्यांवर होत्या आणि राज्यांत महाराष्ट्र आघाडीवर होता. अशा फाइलमध्ये प्रतिमेसोबत रुग्णाचे नाव आणि जन्मतारीखही असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील कामकाज अनेक दिवस कागदावर चालवावे लागले.

लहानशा गोव्याला सरकारी इस्पितळे आणि खासगी केंद्रे एका जाळ्यात आणणे तुलनेने सोपे आहे. त्यासाठी स्कॅनर खरेदीच्या करारातच काही अटी हव्यात: मूळ डायकॉम प्रतिमा रुग्णाला विनाअट मिळावी, कंपनी बदलली तरी जुना साठा वाचता यावा, प्रतिमा कोणी पाहिली याची नोंद राहावी आणि सर्व्हरच्या सुरक्षेची जबाबदारी नावानिशी निश्चित असावी. करारावर सही झाल्यानंतर या गोष्टी मागायच्या, तर कंपनी सांगेल ती किंमत मोजावी लागते.